व्हिएतनाममधली फ्रेंच शाळा: भाषा गेली, लिपी राहिली, हे कसं?

हनोईचा पाहुणा
नमस्कार मंडळी. दीड वर्षं झालं, पोटापाण्यासाठी हनोईत आहे. मागच्या महिन्यात ऑफिसातल्या एका मुलीच्या गावी जेवायला गेलो होतो, नाम दिन्हकडे. घरात पूर्वजांचा देव्हारा, त्याच्या दोन्ही अंगाला उभ्या लाल पाट्या आणि त्यांवर सोनेरी चिनी अक्षरं. मी आपलं सहज विचारलं, काय लिहिलंय? तिने वडिलांकडे पाहिलं, वडिलांनी काकांकडे. काकांनी थोडा विचार करून सांगितलं, "चांगलंच काहीतरी असणार." पाट्या पणजोबांनी करवून घेतलेल्या, आणि आज त्या घरातल्या एकालाही वाचता येत नाहीत.

तेव्हापासून डोक्यात भुंगा आहे. हजारभर वर्षं इथला सुशिक्षित माणूस चिनी अक्षरांत (हान) लिहायचा आणि स्वतःची बोली लिहायला त्याच अक्षरांवरून बेतलेली नोम लिपी वापरायचा. फ्रेंच आले, त्यांच्या शाळा आल्या, आणि दोन पिढ्यांत सगळा देश रोमन अक्षरांत लिहायला लागला. ही लिपी म्हणजे क्वोक न्गू. गंमत अशी की फ्रेंच भाषा मात्र टिकली नाही. हनोईत फ्रेंच बोलणारा शोधावा लागतो. आपल्याकडे बरोबर उलटं झालं: लिपी आपली राहिली आणि साहेबाची भाषा घरात येऊन बसली.

तर प्रश्न असा की फ्रेंच शाळेने या लोकांना मुळापासून तोडलं, की नकळत मोकळं केलं? जाणकारांनी लिहावं.

उडाणटप्पू
पहिला! पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे.

कोरा चहा
यात विचारायचं काय? तोडलंच. 'आमचे पूर्वज गॉल' (म्हणजे प्राचीन फ्रान्सचे रहिवासी) असं काळ्याभोर केसांच्या पोरांकडून घोकून घेणारी शाळा ती. आपल्या मेकॉलेचाच फ्रेंच मावसभाऊ.

मास्तर
कोरा चहा, गॉलचं वाक्य फार प्रसिद्ध आहे, पण सरसकट लावू नका. फ्रान्सचाच अभ्यासक्रम चालवणारी मोजकी लिसे, म्हणजे फ्रेंच माध्यमिक विद्यालयं, होती. हनोईचं आल्बेर सारो, सायगावचं शासलू-लोबा. तिथे मुख्यतः गोऱ्यांची मुलं आणि थोडी श्रीमंत घरची व्हिएतनामी. बाकीच्यांसाठी वेगळ्या 'फ्रँको-व्हिएतनामी' शाळा होत्या आणि त्यांची पुस्तकंही वेगळी लिहवून घेतलेली. १९२४ नंतर पहिली तीन वर्षं व्हिएतनामीतून, पुढे फ्रेंच. त्या पहिल्या तीन वर्षांची वाचनमाला चान चोंग किम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली (हेच गृहस्थ १९४५ मध्ये चार महिने पंतप्रधान होते). तिच्यात गॉल औषधालाही नाहीत. गाव, नांगर, आईवडिलांची सेवा, गुरूचा आदर. एक धडा तर म्हशी राखणाऱ्या पोराचा आहे: कोण म्हणतं म्हशी राखणं कष्टाचं? छे, मजा असते!

आता यातली मेख बघा. सरकारला व्हिएतनामी पोरांचे फ्रेंच करायचेच नव्हते. त्याला हवा होता गावात सुखाने राहणारा शेतकरी, आणि ऑफिसात लागतील तेवढे कारकून. गॉल शिकवले असते तर पोरांनी हक्क मागितले असते. म्हैस काही मागत नाही.

इंद्रायणी
मास्तर, म्हशीचं वाक्य आवडलं. वाखुसाआ (वाचनखूण साठवली आहे).

पण त्याच पुस्तकांवर जीव टाकणारे म्हातारे मी पाहिलेत हो. नवऱ्याच्या नोकरीमुळे सायगावात (आताचं हो चि मिन्ह शहर, पण मी अजून सायगावच म्हणते, तिथलेही बरेच जण म्हणतात) तीन वर्षं होते. आमच्या इमारतीतल्या एक आजी ते धडे अजून तोंडपाठ म्हणायच्या आणि डोळे पुसायच्या. सत्तेचा हेतू एक असतो, पोराच्या मनात धडा भलत्याच जागी जाऊन बसतो. पुनर्मुद्रणं आजही विकली जातात.

आणि पाहुण्यांच्या 'तोडलं' या शब्दाबद्दल. तोडलं कुणाला? हान वाचणारे किती होते? परीक्षेला बसणारे पुरुष, त्यांचे गुरुजी, वैद्य. शेतात वाकलेल्या बाईला ना पूर्वी वाचता येत होतं, ना फ्रेंचांच्या काळात आलं.

मोडकं पेन
आपल्याकडे मोडीचं तेच झालं की. पुण्याच्या पेशवे दफ्तरात रुमालांवर रुमाल पडलेत आणि वाचणारे मोजके. आजोबांचं खतपत्र हातात घेतलं की आपणही नाम दिन्हचे काकाच.

मास्तर
अर्धं पटलं. मोडी मराठीच आहे हो, फक्त वळण वेगळं. दोन महिन्यांचा वर्ग केला की खतपत्र कळायला लागतं. त्या पाटीवरचा मजकूर बहुतेक अभिजात चिनीत असणार. कुणी वाचून दाखवला तरी काकांना अर्थ लागणार नाही. म्हणजे हे आपल्या घरातल्या संस्कृत श्लोकाच्या जवळचं. अथर्वशीर्ष घडाघडा म्हणणाऱ्याला मधेच थांबवून अर्थ विचारा, तोही म्हणेल "चांगलंच असणार". मोडीशी तुलना करायची तर नोमची करा. भाषा घरची, अक्षर हरवलेलं. ते खरं नुकसान, कारण कविता, औषधं, गावाचे कागद त्यात आहेत.

रायतूरकर
गोव्याचा माणूस म्हणून तोंड घालतो. क्वोक न्गू फ्रेंच शाळेने जन्माला घातलेली नाही, ती आधीची. सतराव्या शतकात जेजुइट पाद्र्यांनी केली आणि त्यात पुढे होते पोर्तुगीज. फ्रान्सिस्कु द पिना हे त्यातलं आरंभीचं मोठं नाव. आलेक्सांद्र द रोद यांनी १६५१ मध्ये रोमला व्हिएतनामी-पोर्तुगीज-लॅटिन कोश छापला म्हणून श्रेय त्यांच्या नावावर चढलं. आजही व्हिएतनामीत 'ञ'चा उच्चार 'एनएच' असा लिहितात ती पोर्तुगीज खूण आहे.

हे द रोद पूर्वेला जाताना आधी गोव्यात राहिले होते. आणि त्याच सुमारास आमच्याकडे काय चाललं होतं? थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेजुइटाचं मराठी ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये रायतूरला छापलं गेलं, ते रोमन लिपीत! ओवी ज्ञानोबाच्या वळणाची, अक्षरं रोमची. म्हणजे मराठीच्या वाट्याला क्वोक न्गू यायची वेळ येऊन गेली म्हणा ना. कोकणीत ती रोमी म्हणून अजून जिवंत आहे.

कोरा चहा
बापरे. म्हणजे हा धागा आपण रोमनमध्ये लिहिला असता.

उडाणटप्पू
व्हॉट्सॲपवर लिहितोच की. "kay kartoy" ची देवनागरी करून टाकतो नाहीतर संपादक ओरडतील: 'काय कर्तोय'.

हनोईचा पाहुणा
रायतूरकर, हे भारी आहे. मग एक उपप्रश्न. लिपी १६५१ पासून होती तर दोनशे वर्षं चर्चच्या आवारातच का राहिली? आणि फ्रेंचांनी ती का उचलली?

मास्तर
कारण राज्य चालायचं परीक्षेवर. हनोईला आहात तर वान मिएउ, म्हणजे साहित्यमंदिर, पाहिलंच असेल. १०७० सालचं. तिथे दगडी कासवांच्या पाठीवर ८२ शिळा आहेत, त्यांवर 'डॉक्टर' ही सर्वोच्च पदवी मिळवलेल्या तेराशेच्या वर परीक्षार्थींची नावं कोरलेली. हान आलं तर मंदारिन, म्हणजे दरबारी अधिकारी, व्हाल, घराण्याचं नाव दगडावर जाईल. पाद्र्याच्या अक्षरांत काय मिळणार होतं?

फ्रेंचांनी १८६२ ते १८६७ मध्ये दक्षिण घेतली आणि पहिला प्रश्न पडला तो दुभाष्यांचा. हान येणारे विद्वान विरोधात, सहकार्याला तयार नाहीत. मग पाद्र्यांच्या शाळेत शिकलेले लोक आणि त्यांची लिपी हाताशी होती. १८६५ मध्ये 'जिया दिन्ह बाओ' हे पहिलं क्वोक न्गू वर्तमानपत्र निघालं, ते सरकारीच. पुढे पेत्रुस की या पाद्र्यांकडे शिकलेल्या व्हिएतनामी पंडिताने ते चालवलं. सरकारचा हिशेब दुहेरी होता: एक, चीनशी असलेली नाळ कापायची. दोन, रोमन अक्षर ही फ्रेंचकडे जायची पायरी. पायरीवरच लोक बसून राहतील आणि माडी चढणारच नाहीत, हे कुणाच्या मनात आलं नाही.

परीक्षा उत्तरेत १९१५ ला संपल्या, शेवटची राजधानीची परीक्षा १९१९ मध्ये हुए इथे झाली.

इंद्रायणी
पाहुणे, तुमच्या मैत्रिणीच्या नाम दिन्हचेच एक कवी, नाव 'तू सुओंग'. जन्मभर परीक्षा देत राहिले, हाती लागली ती सर्वांत खालची पदवी. १८९७ च्या परीक्षेला हनोईच्या विद्यार्थ्यांनाही नाम दिन्हलाच बसवलं होतं, आणि निकालाच्या समारंभाला गव्हर्नर जनरल दूमेर सपत्नीक हजर! मडमेचा जमिनीवर लोळणारा झगा आणि तिच्यासमोर उभे हे पंडित, असं चित्र कवीने काढलंय. दुसऱ्या एका कवितेत म्हणतात, या चिनी अक्षरांत आता काय राम आहे, मोठमोठे पदवीधर अंगाचं मुटकुळं करून पडलेत. त्यापेक्षा कारकून व्हायला शिकावं, रात्री शँपेन आणि सकाळी गाईचं दूध.

मोडकं पेन
विष्णुशास्त्री इंग्रजीला वाघिणीचं दूध म्हणाले, तू सुओंगच्या पदरात गाईचं पडलं. :-)

सायकलवाला
धागा फार जड झाला, थोडं अवांतर. मी हनोई ते हुए सायकलने गेलोय. वाटेत पंक्चर झालो (मी नाही, सायकल). दुकानदाराला इंग्रजी शून्य, मला व्हिएतनामी शून्य. पण माझ्याबरोबर एक जण फ्रेंच शिकलेला होता, त्याला सगळे सुटे भाग समजत होते! हँडल म्हणजे घी-दोंग, ब्रेक फान्ह, मडगार्ड गाक-द-बू, मागचं कॅरिअर पोक-बा-गा, टायर लोप, ट्यूब साम. आपली सायकल इंग्रजी बोलते, त्यांची फ्रेंच. तसंच साबण सा-फोंग, स्टेशन गा, लोणी ब, चीज फो-माय.

हे शब्द शाळेतून नाही आले हां. गॅरेजातून आणि स्वयंपाकघरातून आले. शाळेचं फ्रेंच गेलं, मिस्त्रीचं राहिलं.

रायतूरकर
+१. आमच्याकडून महाराष्ट्रात पाव, बटाटा, पगार, चावी आले, ते कुठल्या शाळेतून?

कोरा चहा
सगळे लिपीत अडकलेत. मूळ मुद्दा किती जणांना शिकवलं हा आहे. शाळेच्या वयातल्या दहा पोरांत जेमतेम एखादं शाळेत असायचं. विद्यापीठ १९०६ ला काढलं, १९०८ ला गडबड झाली तसं बंद, पुन्हा १९१७ मध्ये उघडलं. हनोईच्या वैद्यकशाळेतून सुरुवातीला पूर्ण डॉक्टर नव्हे, साहाय्यक बाहेर पडायचे. २ सप्टेंबर १९४५ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात हो चि मिन्ह म्हणाले की यांनी शाळांपेक्षा तुरुंग जास्त बांधले. उगाच उपकाराची भाषा नको.

मास्तर
उपकार कुणीच म्हटलेलं नाही, चहा. आकड्याशी सहमत. उलट पाहुण्यांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यातच आहे: इतक्या थोड्यांना शिकवलं म्हणून फ्रेंच रुजली नाही.

जाता जाता, त्या वैद्यकशाळेचे पहिले प्रमुख (१९०२) म्हणजे प्लेगचा जंतू शोधणारे येर्सां. १८९७ मध्ये ते आपल्या मुंबईत प्लेगवरचं सीरम घेऊन आले होते.

चित्रगंधा
मला या धाग्यात एक खिडकी उघडायची आहे. १९२५ मध्ये व्हिक्तोर तार्दिय यांनी हनोईत कलाशाळा काढली. तिथे काय झालं बघा: विद्यार्थ्यांना तैलरंग शिकवले, आणि मग त्यांनाच आपल्या देवळातल्या लाखकामाकडे नव्याने पाहायला लावलं. तोवर लाख म्हणजे पेट्या, मूर्ती, पाट्या (हो, पाहुण्यांच्या त्या पाट्याही). तिच्यात अंड्याची टरफलं बसवून, थरावर थर चढवून, घासून चित्र काढायचं हे या शाळेत घडलं. आज ज्याला आपण 'अस्सल व्हिएतनामी' चित्र म्हणून विकत घेतो त्याचं वय शंभर वर्षं.

तीच गत आओ दायची. तो अंगासरशी बेतलेला लांब सदरा, ज्याच्यावर पर्यटक फिदा असतात. १९३४ च्या सुमारास त्याला तसा घाट दिला न्गुयेन कात तुओंग यांनी, ते याच शाळेचे. 'तुओंग' म्हणजे भिंतही होते, फ्रेंचमध्ये भिंत 'ल म्युर', म्हणून त्यांनी टोपणनाव घेतलं 'लेम्युर'. स्वतःच्या नावाची दोन भाषांत कोटी करणारा माणूस राष्ट्रीय पोशाख बेततो. याला तोडणं म्हणायचं की काय म्हणायचं, मला सांगता येत नाही.

इंद्रायणी
चित्रगंधा, वा! त्याच पिढीचं अजून एक. व्हिएतनामीत 'मी' आणि 'तू' असे साधे शब्द जवळजवळ नाहीतच. दादा, ताई, काका, आजी, धाकटा असंच बोलायचं, परक्याशीसुद्धा. भाजीवालीशी बोलायच्या आधी तिचं वय अंदाजावं लागतं. चुकलं तर भाव वाढतो. :-) फ्रेंच शिकलेल्या पोरांनी यातून पळवाट काढली: 'मोआ' आणि 'तोआ', म्हणजे फ्रेंच मी-तू. मित्रांत ना कोण मोठा ना कोण धाकटा.

आणि 'तोय' हा जो तटस्थ 'मी' आहे त्याचा मूळ अर्थ चाकर, दास. १९३२ पासून नवकवितेची लाट आली तिच्यात हाच चाकर कवितेच्या मधोमध येऊन उभा राहिला आणि म्हणाला, मी एकटा आहे, मी प्रेमात आहे. आईवडील हादरले.

उडाणटप्पू
आमच्याकडे पण बायको 'अहो' म्हणते त्यातून पळवाट सुचवा.

इंद्रायणी
@उडाणटप्पू, तुम्ही पण तिला 'अहो' म्हणा. सुटलात.

कोरा चहा
हे सगळं शहरी, खात्यापित्या घरचं झालं. शाळेनेच बंडखोर घडवले हे कुणी लिहीत का नाही? हुएचं क्वोक होक विद्यालय १८९६ चं, कारकून घडवायला काढलेलं. तिथून कोण निघालं? हो चि मिन्ह आणि पुढे फ्रेंचांना लढाईत हरवणारे जनरल जियाप. जियापना तर विद्यार्थ्यांच्या संपानंतर काढून टाकलं होतं. पुढे ते हनोईच्या एका खासगी शाळेत इतिहास शिकवायचे. १९२६ ला राष्ट्रवादी नेते फान चाउ त्रिन्ह वारले तेव्हा पोरं दंडाला काळी फीत लावून वर्गात आली, शाळांनी बंदी घातली, पोरांनी वर्ग सोडले.

मास्तर
चहा, आता तुम्ही माझ्याच बाजूने बोलताय. आणि एक भर: १९११ मध्ये त्याच हो चि मिन्ह यांनी पॅरिसच्या वसाहत-अधिकारी घडवणाऱ्या शाळेत प्रवेशासाठी अर्ज केला होता. नाकारला गेला.

कोरा चहा
बाजूने नाही. शाळेमुळे नाही, शाळा असूनही. यावर मी ठाम.

आणि लिपी 'आपली' कुणी केली? सरकारने नाही. १९०७ मध्ये हनोईत दोंग किन्ह न्गिया थुक ही फुकट शाळा देशी पंडितांनी काढली. स्वतः हान शिकून म्हातारे झालेले लोक, आणि सांगत होते की शेंड्या, म्हणजे अंबाडे, कापा आणि क्वोक न्गू शिका. नमुना जपानच्या केइओ शाळेचा होता, फ्रेंच नव्हे. सरकारने वर्षाच्या आत बंद पाडली. ज्या लिपीचा सरकार स्वतः प्रसार करत होतं तीच शिकवणारी शाळा बंद! त्या दिवशी लिपी फ्रेंचांची उरली नाही.

मास्तर
हे मान्य. टोपी काढली.

मोडकं पेन
इथे मास्तर आणि चहा सहमत झाले. स्क्रीनशॉट काढून ठेवला आहे.

रायतूरकर
तरी वाद मिटलेला नाही हं. सायगावात आलेक्सांद्र द रोदच्या नावाचा रस्ता आहे, पण २०१९ मध्ये दा नांगला त्यांचं आणि पिनाचं नाव रस्त्यांना द्यायचं ठरत होतं तर अभ्यासकांनीच विरोध केला आणि ते बारगळलं. गंमत म्हणजे विरोधाचं पत्रही क्वोक न्गूतच.

हनोईचा पाहुणा
उशीर झाला उत्तर द्यायला, तिमाहीची कामं होती. धागा वाचून मैत्रिणीला (तिला सगळं तोंडी भाषांतर करून सांगितलं, म्हशीवर फार हसली) विचारलं की तुमच्या घरात वाचायला पहिलं कोण शिकलं? म्हणाली, आजी. फ्रेंच शाळेत नाही, बाजारात.

१९४५ च्या सप्टेंबरात नव्या सरकारने साक्षरतेची मोहीम काढली तेव्हा नव्वद टक्क्यांहून जास्त लोक निरक्षर असल्याचं सांगितलं जात होतं. गावच्या बाजाराच्या तोंडाशी फळा. त्यावरचं अक्षर वाचलं तर सरळ दारातून आत. नाही आलं तर बाजूच्या 'आंधळ्या दारा'तून. आजी तेव्हा चौदा-पंधरा वर्षांची, डोक्यावर पालेभाजीची पाटी. दोनदा आंधळ्या दारातून गेली, तिथे चिखल होता आणि बरोबरीची पोरं हसायची. मग रात्रीच्या वर्गाला गेली. अक्षरं गाण्यातून शिकवत: 'ओ' अंड्यासारखा गोल, दुसरा 'ओ' टोपी घालतो, तिसऱ्याला मिशी. ते गाणं मैत्रिणीलाही येतं.

मग मी विचारलं, आजीला पाट्या वाचता यायच्या? म्हणाली, कशा येणार, पणजोबांनी फक्त मुलग्यांना हान शिकवलं, आणि त्यातला मोठा मुलगा लढाईत गेला.

पाटीचा फोटो टाकतो. कुणाला वाचता येतंय का बघा.

इंद्रायणी
मिशीवाला 'ओ' ऐकून आमच्या गमभनची पाटी आठवली. आजींना नमस्कार सांगा.

तैपेईकर
इतके दिवस नुसता वाचत होतो, आज लॉगिन केलं. पाहुणे, अगदी नेहमीचा जोड आहे, इथेही दिसतो. अर्थ साधारण: पूर्वजांचं पुण्य हजार वर्षं बहरो, मुलं सेवाभावी आणि नातवंडं गुणी निघून दहा हजार पिढ्या भरभराट होवो.

पण एक सांगू का? पाट्या उलट लागल्या आहेत. पहिली ओळ समोरून पाहणाऱ्याच्या उजव्या हाताला हवी. फोटोत ती डावीकडे आहे.

उडाणटप्पू
:-O

हनोईचा पाहुणा
तैपेईकर, लाख धन्यवाद. लगेच मैत्रिणीला कळवलं, तिने घरी फोन लावला. दहा-बारा वर्षांपूर्वी घराला रंग दिला तेव्हा काढल्या होत्या म्हणे. काकांनीच परत लावल्या. अर्थ ऐकून काका आधी म्हणाले, "म्हटलं नव्हतं, चांगलंच असणार." उलट लागल्याचं ऐकून बराच वेळ फोनवर काही बोलले नाहीत.

तेत म्हणजे त्यांच्या नववर्षाच्या साफसफाईला पाट्या उतरवणार आहेत. शिडी धरायला मला बोलावलंय. तैपेईकर, फोटोवर डावं-उजवं लिहून द्याल का? क्वोक न्गूत लिहिलंत तर उत्तम, काकांना देवनागरी येत नाही.